आईच्या रक्तांतील बाळाची खूण

“काखेंत कळसा आणि गांवाला वळसा” ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. घरांत हरवलेली वस्तु शोधणाऱ्याला ती जशी लागू पडते, तशी ती कधीं कधीं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाहि लागू पडते. ज्या वस्तूच्या मागें एक विद्वान आठ वर्षें लागला होता, ती वस्तु त्याच्याच हातांतील नळींतून रोज टाकून दिली जात होती. आणि ती सांपडली तेव्हां लक्षावधि मातांची एक मोठी काळजी हलकी झाली. हांगकांगचे डॉ. डेनिस लो ह्यांच्या संशोधनाची ही हकीकत आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गर्भारपण आणि गर्भाची तपासणी हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणा पालकांस वाटण्याचा संभव आहे. त्यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रत्येक विद्यार्थी आईच्या उदरांत नऊ महिने राहूनच ह्या जगांत आला आहे. त्या काळांत माता व मूल ह्यांच्यामध्यें काय देवघेव चालते, हें जाणणें म्हणजे आईचें ऋण थोडें अधिक ओळखणें होय. शिवाय डॉ. लो हे आपल्यासारख्याच एका मिशनरी शाळेंत शिकले आहेत. हांगकांगमधील सेंट जोसेफ्स कॉलेज ही ती संस्था. नांवांत ‘कॉलेज’ असलें तरी ती मुलांची शाळाच आहे, आणि ‘द ला साल’ पंथाच्या ख्रिस्ती बंधूंनीं ती १८७५ सालीं स्थापिली. कांचेच्या तंतूंतून संदेश पाठविण्याच्या शोधाबद्दल २००९ सालीं ज्यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें ते चार्ल्स काओ हेहि ह्याच शाळेचे विद्यार्थी.

डॉ. लो ह्यांचा जन्म १९६३ सालीं हांगकांग येथें झाला. शाळेनंतर ते इंग्लंडांत केंब्रिज येथें शिकले व १९८६ सालीं तेथील पदवी घेऊन वैद्यकाच्या पुढील शिक्षणासाठीं ऑक्सफर्ड येथें गेले. प्रसूतिवैद्यांपुढें त्या काळीं एक जुनी अडचण होती. पोटांतील बाळाच्या पेशी तपासावयाच्या असल्या, तर आईच्या पोटांतून लांब सुई घालून गर्भाशयांतील पाणी काढावें लागे. हीच गर्भजलपरीक्षा. बाळाचा दोष तिच्यानें निश्चित कळे, परंतु शंभर-दोनशें स्त्रियांमागें एखादीचा गर्भ ह्या सुईमुळें पडण्याची भीति असते, असें डॉक्टर त्या काळीं सांगत. ज्या बाळाची काळजी म्हणून परीक्षा करावयाची, तेंच बाळ परीक्षेमुळें जावें, हा केवढा दुःखद प्रकार! तेव्हां बाळाला धक्का न लावतां, केवळ आईच्या दंडांतील रक्तावरून बाळाची माहिती मिळेल काय, असा प्रश्न ह्या तरुण विद्यार्थ्याच्या मनांत उभा राहिला. पुढील सारें आयुष्य त्यानें ह्या एका प्रश्नास वाहिलें.

पुढील हकीकत नीट कळावी म्हणून शरीरशास्त्रांतील दोन गोष्टी प्रथम सांगितल्या पाहिजेत. आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे, आणि बहुतेक प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून आलेलें असतें. हीं गुणसूत्रें डी.एन.ए. नांवाच्या लांबच लांब धाग्याचीं बनलेलीं असतात, आणि आपला रंग, उंची, रक्ताचा गट इत्यादि अनेक गोष्टींचा मजकूर ह्या धाग्यावर जणूं लिहून ठेवलेला असतो. तेविसावी जोडी स्त्रियांत ‘एक्स, एक्स’ अशी व पुरुषांत ‘एक्स, वाय’ अशी असते. अर्थात् स्त्रीच्या स्वतःच्या पेशींत ‘वाय’ गुणसूत्र नसतें. मग एखाद्या गरोदर स्त्रीच्या रक्तांत ‘वाय’चा मजकूर सांपडला, तर तो कोणाचा असावयाचा? तो तिच्या पोटांतील मुलाचाच असला पाहिजे.

ह्याच युक्तीनें डॉ. लो ह्यांनीं आपल्या कामास आरंभ केला. बाळाच्या कांहीं थोड्या पेशी वाट चुकून आईच्या रक्तांत येतात, हें विद्वानांस ठाऊक होतें. डी.एन.ए.च्या एखाद्या लहानशा तुकड्याच्या लक्षावधि प्रति काढण्याची ‘पी.सी.आर.’ नांवाची कृति १९८३ सालीं अमेरिकेंत कॅरी म्युलिस ह्यांनीं शोधून काढली होती, आणि ती ऑक्सफर्ड येथें नुकतीच पोहोंचली होती. तिचा उपयोग करून लो, त्यांचे वडील सहकारी जेम्स वेन्सकोट व इतर ह्यांनीं १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें कीं, आईच्या रक्तांतील पेशींत मुलग्याच्या ‘वाय’ गुणसूत्राची खूण सांपडते.

आरंभ उत्तम झाला, पण पुढची वाट खडतर निघाली. आईच्या एक मिलिलिटर रक्तांत तिच्या स्वतःच्या पेशी कोट्यवधि, आणि बाळाची पेशी असलीच तर एखाद-दुसरी! गवताच्या गंजींत सुई शोधण्याचाच हा उद्योग. शिवाय दुसरा एक घोटाळा होता. बाळाच्या कांहीं पेशी प्रसूतीनंतरहि आईच्या शरीरांत राहून जातात. मुलगा होऊन सत्तावीस वर्षें लोटलेल्या एका स्त्रीच्या रक्तांतहि अशा पेशी सांपडल्याचें अमेरिकेंतील डॉ. डायना बियांकी ह्यांनीं १९९६ सालीं दाखवून दिलें. तेव्हां सांपडलेली पेशी ह्या वेळच्या बाळाची कीं त्याच्या मोठ्या भावाची, हें कसें ओळखावें? डॉ. लो ह्यांनीं सुमारें आठ वर्षें ह्या पेशींचा पाठलाग केला, परंतु दवाखान्यांत रोज वापरतां येईल अशी परीक्षा कांहीं हातीं लागली नाहीं.

१९९७ च्या जानेवारींत ते आपल्या गांवीं परतले. त्याच वर्षीं १ जुलैस हांगकांग ब्रिटनकडून चीनकडे जावयाचें होतें, आणि कित्येक लोक तेथून बाहेर जात असतां हे मात्र बाहेरून घरीं येत होते. तेथील चायनीज युनिव्हर्सिटींत, शा टिन भागांतील प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयांत, त्यांनीं आपलें काम नव्यानें मांडलें. तत्पूर्वीं थोडे दिवस, १९९६ च्या सप्टेंबरांत, ‘नेचर मेडिसिन’ ह्या मासिकांत दोन लेख आले होते. कर्करोगाच्या गांठीचा डी.एन.ए. रोग्याच्या रक्ताच्या पातळ भागांत, म्हणजे पेशी काढून घेतल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागांत, तरंगत असतो, असें त्यांत दाखविलें होतें. हें वाचून डॉ. लो ह्यांच्या मनांत एक तुलना आली. रोग्याच्या अंगांत वाढणारी लहानशी गांठ जर आपला डी.एन.ए. रक्तांत सोडते, तर आईच्या उदरांत वाढून तीन-साडेतीन किलो होणारें बाळ तो कां सोडणार नाहीं?

रक्त नळींत घालून यंत्रांत जोरानें फिरविलें कीं पेशी तळाशीं बसतात व वर पिंवळसर रक्तद्रव राहतो. पेशींच्या शोधांत असलेले सारे लोक हा रक्तद्रव निरुपयोगी म्हणून टाकून देत असत. डॉ. लो ह्यांनींहि आजवर तेंच केलें होतें. आतां त्यांनीं पेशी बाजूस ठेवून रक्तद्रव हातीं घेतला. त्यांतून डी.एन.ए. कसा काढावा ह्याची तयार कृति त्यांच्यापाशीं नव्हती, आणि नव्या प्रयोगशाळेंत साधनेंहि बेताचींच होतीं. विद्यार्थिदशेंत झटपट शेवया उकळून खाण्याची संवय त्यांच्या कामास आली, असें ते स्वतः सांगतात. त्यांनीं रक्तद्रव पांच मिनिटें उकळला आणि त्यांतील एका थेंबाहूनहि कमी, म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, पाणी घेऊन त्यांत ‘वाय’ची खूण शोधली.

निकाल पाहून सर्वांस आश्चर्य वाटलें. पोटांत मुलगा असलेल्या ३० स्त्रियांपैकीं २४ जणींच्या रक्तद्रवांत ती खूण स्पष्ट सांपडली. त्याच स्त्रियांच्या रक्तपेशी जुन्या पद्धतीनें तपासल्या तेव्हां केवळ ५ जणींत ती दिसली. पोटांत मुलगी असलेल्या १३ स्त्रियांत व गरोदर नसलेल्या १० स्त्रियांत ती मुळींच आढळली नाहीं. हा लेख १९९७ च्या ऑगस्टांत ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मनुष्याच्या रक्तद्रवांत डी.एन.ए. सारखीं द्रव्यें असतात, हें फ्रान्समधील मांदेल व मेताइस ह्या दोघांनीं १९४८ सालींच लिहून ठेविलें होतें. तेव्हांपासून जवळ जवळ पन्नास वर्षें ती माहिती ग्रंथालयांत पडून होती, आणि रक्तद्रव मोरींत जात होता. नुसती माहिती असून भागत नाहीं. तिला विचारण्याजोगा प्रश्न ज्याच्यापाशीं असतो, त्यालाच ती उत्तर देते.

आतां हा डी.एन.ए. येतो कोठून? तो बाळाच्या अंगांतून थेट येत नसून मुख्यतः वारेंतून येतो. वार ही बाळाच्या बाजूनेंच वाढते, आणि तिच्या पेशी आईच्या रक्तांत बुडालेल्या असतात. तेथील जुन्या पेशी झिजून पडतात व त्यांच्या डी.एन.ए.चे बारीक बारीक तुकडे आईच्या रक्तांत मिसळतात. गर्भारपणाच्या पूर्वार्धांत आईच्या रक्तद्रवांतील एकूण डी.एन.ए.पैकीं सुमारें दहावा हिस्सा असा बाळाकडचा असतो, आणि शेवटच्या महिन्यांत तो आणखी वाढतो. प्रसूति झाल्यावर काय होतें, हेंहि डॉ. लो ह्यांच्या मंडळीनें १९९९ सालीं मोजून पाहिलें. सरासरी सोळा मिनिटांत ह्या तुकड्यांचें प्रमाण निम्म्यावर येतें, आणि दोन तासांत बहुतेक मातांच्या रक्तांत त्यांचा मागमूसहि राहत नाहीं. त्यामुळें पेशींच्या बाबतींत जो घोटाळा होता तो येथें उरला नाहीं. सांपडलेला तुकडा ह्याच बाळाचा, मागील बाळाचा नव्हे, असें खात्रीनें म्हणतां येऊं लागलें.

ह्या शोधाचा पहिला मोठा उपयोग रक्तगटाच्या बाबतींत झाला. ज्यांच्या रक्ताचा आर्.एच्. गट ‘निगेटिव्ह’ असतो, अशा मातेच्या पोटीं ‘पॉझिटिव्ह’ गटाचें मूल असलें, तर प्रसूतीच्या वेळीं मुलाचें रक्त तिच्या रक्तांत मिसळून तिच्या शरीरांत त्याविरुद्ध द्रव्यें तयार होऊं शकतात, आणि पुढच्या खेपेस तीं पोटांतील बाळाच्या रक्तपेशी नष्ट करतात. हें टाळण्यासाठीं मातेस एक लस टोंचतात. परंतु बाळहि ‘निगेटिव्ह’ असेल तर त्या लसीची गरजच नसते. बाळाचा गट आईच्या रक्तावरून ओळखतां येतो, हें डॉ. लो ह्यांनीं १९९८ सालीं दाखविलें. डेन्मार्कनें २०१० सालीं व नेदरलंडनें २०११ सालीं ही परीक्षा आपल्या देशांतील सर्व ‘निगेटिव्ह’ मातांसाठीं सुरू केली. रक्तापासून बनणारी ती लस त्यामुळें जिला खरोखर हवी तिलाच देतां येते.

दुसरा विषय गर्भारपणांतील रक्तदाबाच्या विकाराचा. वीस आठवडे झाल्यानंतर कांहीं स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, लघवींतून प्रथिनें जाऊं लागतात, हातातोंडावर सूज येते, डोकें अतिशय दुखतें, डोळ्यांपुढें अंधारी येते. वेळींच उपाय न झाल्यास फेपरें येऊन माता व बालक दोघांचाहि जीव धोक्यांत येतो. ह्या विकाराचें मूळ वारेच्या वाढींत असतें. डॉ. लो व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९९ सालीं पाहिलें कीं, असा विकार झालेल्या स्त्रियांच्या रक्तांत बाळाच्या डी.एन.ए.चें प्रमाण निरोगी गर्भिणींच्या सुमारें पांचपट असतें. आणि दोन वर्षांनीं त्यांना असेंहि दिसलें कीं, विकार प्रकट होण्यापूर्वींच तें प्रमाण वाढूं लागतें. दुखावलेली वार जणूं आधींच हांक मारीत असते. ही मोजणी एकटीच रोजच्या वापराची परीक्षा ठरली नाहीं. आज डॉक्टर रक्तदाब, गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग व वारेंतून येणारीं कांहीं द्रव्यें हीं सर्व मिळून अंदाज बांधतात. ज्यांना धोका अधिक दिसतो त्यांना थोड्या प्रमाणांत अ‍ॅस्पिरिन दिल्यानें, मुदतीपूर्वीं प्रसूति करावी लागेल इतका जोराचा विकार शेंकडा ४·३ वरून १·६ वर येतो, असें लंडनच्या डॉक्टरांनीं चालविलेल्या १७७६ स्त्रियांच्या चांचणींत २०१७ सालीं सिद्ध झालें. मात्र हें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कोणीं घेऊं नये. पालकांनीं येथें एवढें लक्षांत घ्यावें कीं, घरांतील गरोदर सुनेचा किंवा लेकीचा रक्तदाब नियमानें मोजून घेणें हें कोणत्याहि नव्या शोधाइतकेंच मोलाचें आहे.

आतां सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळूं. कांहीं मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजीं तीन प्रति असतात. इंग्रज डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन ह्यांनीं १८६६ सालीं अशा मुलांचें वर्णन केलें, म्हणून त्यांच्या अवस्थेस डाऊन सिंड्रोम म्हणतात. तिचें कारण तिसरी प्रत आहे, हें पॅरिसमधील संशोधकांना १९५९ सालीं कळलें. ‘वाय’ गुणसूत्र आईंत नसतें, म्हणून त्याची खूण ओळखणें सोपें होतें. परंतु एकविसावें गुणसूत्र आईजवळहि आहे आणि बाळाजवळहि! तुकड्यावर कांहीं नांव लिहिलेलें नसतें. मग बाळाची तिसरी प्रत कशी ओळखावी?

ह्याचें उत्तर गणितानें दिलें. समजा, आईच्या रक्तद्रवांतील एकविसाव्या गुणसूत्राचे शंभर तुकडे आपण घेतले. त्यांपैकीं ९० आईचे व १० बाळाचे. बाळाजवळ दोनऐवजीं तीन प्रति असल्या तर त्याचे तुकडे दहाच्या जागीं पंधरा होतील, आणि एकूण संख्या १०० ऐवजीं १०५ भरेल. फरक केवळ पांचाचा! थोडे तुकडे मोजले तर हा फरक योगायोगांत बुडून जाईल. मूठभर धान्यांत खडे किती हें पाहून पोत्याचा अंदाज चुकतो, तसेंच हें. परंतु लक्षावधि तुकडे वाचून, कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्राचा हें ठरवून मोजदाद केली, तर शंभर व एकशेंपांच ह्यांतील भेद निःसंशय दिसूं लागतो. असे लक्षावधि तुकडे एका दमांत वाचणारीं यंत्रें त्याच सुमारास निघालीं होतीं. डॉ. लो, त्यांच्या सहकारी डॉ. रोसा चिऊ व इतर मंडळी ह्यांनीं २००८ च्या डिसेंबरांत ही रीति प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं दोनच महिने अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें स्टीफन क्वेक ह्यांच्या मंडळीनेंहि स्वतंत्रपणें तीच वाट दाखविली होती. २०११ च्या आरंभीं हांगकांगच्या मंडळीनें ७५३ गर्भिणींवरील चांचणीचा निकाल छापला; त्यांतील ८६ जणींच्या बाळांत तिसरी प्रत होती, आणि अधिक सूक्ष्म मोजणीच्या रीतीनें ती एकहि सुटली नाहीं. त्याच वर्षीं ही परीक्षा हांगकांग व अमेरिका येथें रुग्णांसाठीं सुरू झाली, आणि आज ती साठांहून अधिक देशांत चालते. त्यामुळें पोटांत सुई घालून घेण्याचा प्रसंग असंख्य मातांवर येईनासा झाला आहे.

पण येथें एक सूचना केलीच पाहिजे. ही परीक्षा चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणींत जें अडकतें तें सारेंच खडे नसतात. हिशेबानें पाहूं. समजा, दहा हजार तरुण गर्भिणींपैकीं दहा जणींच्या बाळांस डाऊन सिंड्रोम आहे. परीक्षेनें त्या दहाहि ओळखल्या. परंतु उरलेल्यांपैकीं हजारीं एक, म्हणजे सुमारें दहा जणींविषयीं, चुकीचा इशारा दिला. तेव्हां इशारा मिळालेल्या वीस जणींपैकीं निम्म्यांचीं बाळें तशीं नाहींत! शिवाय हा डी.एन.ए. वारेचा असल्यामुळें क्वचित् वारेंत दोष असून बाळ निर्दोष असतें. म्हणून इशारा मिळाल्यावर गर्भजलपरीक्षेनें खात्री करून घेतल्यावांचून कोणताहि निर्णय करूं नये, असें जाणते डॉक्टर सांगतात. ‘बरोबर ओळखण्याचें प्रमाण शेंकडा नव्याण्णव’ असें वाचून हुरळून किंवा घाबरून जाण्यापूर्वीं हें त्रैराशिक प्रत्येकानें एकदां मांडून पाहावें.

ह्याहून गंभीर गोष्ट आपल्या महाराष्ट्राशीं संबंध असलेली आहे. डॉ. लो ह्यांना आईच्या रक्तांत जी पहिली खूण सांपडली, ती मुलग्याची खूण होती. त्यांना ती केवळ ओळखीसाठीं हवी होती. परंतु ज्या समाजांत मुलगी नकोशी मानिली जाते, तेथें हीच खूण तलवार होऊं शकते. गर्भजलपरीक्षेचा व पुढें सोनोग्राफीचा आपल्याकडे असाच दुरुपयोग झाला. त्यास आळा घालणारा कायदा देशांत सर्वांत आधीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. मग १९९४ सालीं सबंध भारतासाठीं कायदा झाला व २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. गर्भाचें लिंग सांगणें व विचारणें दोन्ही त्यानें गुन्हा ठरतात. तरीहि सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, त्या २००१ सालीं ९१३ व २०११ सालीं ८९४ इतक्याच भरल्या. हे आंकडे कोणा यंत्राचे नव्हेत; ते आपल्या घरांतील माणसांच्या मनाचे आहेत. रक्ताचा एक थेंब बाळाचा प्राण वांचविण्यासाठीं वाचावा कीं घेण्यासाठीं, हें प्रयोगशाळेंत ठरत नाहीं, घरांत ठरतें.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांविषयींहि दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. ही अवस्था आधीं कळणें म्हणजे असें मूल जन्मास येऊं नये, असा निकाल नव्हे. अशा कांहीं मुलांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो. तो आधीं कळल्यास प्रसूति योग्य रुग्णालयांत करतां येते, आणि आईबापांस मनाची तयारी करण्यास अवधि मिळतो. हीं मुलें शाळेंत जातात, गातात, खेळतात, मोठेपणीं कामधंदाहि करतात. जगभर २१ मार्च हा दिवस त्यांच्या सन्मानार्थ पाळला जातो. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रति म्हणून एकविसावी तारीख व तिसरा महिना. आपल्या वर्गांत किंवा शेजारीं असें कोणी भावंड असेल, तर त्याची थट्टा न करतां त्यास खेळांत घ्यावें. त्याला परमेश्वरानें दिलेलें मोल कोणत्याहि परीक्षेच्या कागदावर लिहून येत नाहीं.

डॉ. लो ह्यांचें काम तेवढ्यावर थांबलें नाहीं. आईच्या रक्तांतील विस्कळित तुकडे जुळवून बाळाच्या गुणसूत्रांचा सबंध नकाशा तयार करतां येईल काय, ह्याचा ते विचार करीत होते. वडिलांकडून आलेला मजकूर वेगळा ओळखतां येई. आईकडून आलेला मात्र तिच्या स्वतःच्या मजकुरांत हरवून जाई. २००९ सालीं हॅरी पॉटरचा चित्रपट पाहतांना पडद्यावर पुढें झेपावणाऱ्या इंग्रजी ‘एच’ ह्या अक्षराचे दोन उभे दांडे त्यांना गुणसूत्रांच्या जोडीसारखे भासले, आणि आईच्या जोडींतील दोन प्रति वेगवेगळ्या मोजण्याची युक्ति सुचली, असें ते सांगतात. २०१० च्या डिसेंबरांत तो नकाशा प्रसिद्ध झाला. कर्करोगावरील लेखांपासून निघालेली ही विद्या पुढें कर्करोगाकडेच परतली. दक्षिण चीनमध्यें नाकामागील घशाच्या भागाचा कर्करोग पुष्कळ आढळतो. त्याच्याशीं संबंध असलेल्या विषाणूचा डी.एन.ए. रक्तद्रवांत शोधून, हांगकांगांतील २०,१७४ पुरुषांमधून ३४ रोगी त्यांच्या मंडळीनें हुडकून काढले. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या कामांत त्यांपैकीं बहुतेकांचा रोग आरंभींच्या, बरा होण्याजोग्या अवस्थेंत सांपडला.

त्यांना २०११ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचें सभासदत्व व २०२२ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. २०२५ च्या जानेवारींत ते आपल्याच चायनीज युनिव्हर्सिटीचे कुलगुरु झाले. पूर्वीं १९८७ ते १९९६ पर्यंत ह्याच पदावर त्यांच्या शाळेचे जुने विद्यार्थी चार्ल्स काओ होते.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. आठ वर्षें यश आलें नाहीं, तरी ह्या मनुष्यानें आपला प्रश्न सोडला नाहीं. सोडली ती फक्त शोधण्याची जुनी जागा. जी वस्तु सर्वांनीं टाकाऊ ठरविली होती, ती त्यानें पुन्हां एकदां उजेडांत धरून पाहिली. उद्यां तुम्हांपैकीं कोणी प्रयोगशाळेंत जाईल, कोणी दवाखान्यांत, कोणी शेतावर किंवा कचेरींत. तेथें ‘हें निरुपयोगी आहे’ असें जेव्हां तुमच्या कानीं पडेल, तेव्हां तें कोणीं व केव्हां तपासून पाहिलें होतें, एवढें विचारण्यास विसरूं नका. आणि विद्येनें हातीं आलेलें सामर्थ्य दुर्बळांच्या, न जन्मलेल्या बालकांच्या आणि मातांच्या रक्षणासाठीं वेंचा. त्यांच्याविरुद्ध तें कधींहि वापरूं नका, व दुसऱ्यास वापरूं देऊं नका.